पाच सुरांच्या बाहेर

त्या मुलीला मी मारलं तेव्हा पडवीत आम्ही सातजण होतो. सहा ते, आणि मी. ती सतरा वर्षांची, मी एकोणपन्नास. आमच्या दोघींच्या मधे पेटी होती. पेटीवरून हात लांबवून मी तिच्या डाव्या कानावर एक ठेवून दिली. पंजा उघडा होता, त्यामुळे आवाज मोठा झाला. वाडीत नारळ उतरवणारा माणूस माडावरून खाली बघायला लागला.

हे मी आधीच सांगून टाकते. शेवटी सांगितलं, तर तोपर्यंत मी वाचणाऱ्याला चांगली बाई वाटेन.

मी नागावला राहते. समोरच्या घरात माझ्या दिराने पर्यटकांसाठी खोल्या काढल्या आहेत, मागच्या घरात मी एकटी. तिथेच पडवीत संगीताचा क्लास घेते. माझे वडीलही संगीतच शिकवत. अलिबागच्या आसपासच्या गावांतून त्यांच्याकडे मुलं यायची आणि त्यांचा विद्यार्थी बेसूर होत नाही अशी त्यांची ख्याती होती. ते मारायचे. बाहेरच्या मुलांना छडीने, हातावर. मला जे हाताला लागेल त्याने. मी अकरा वर्षांची असताना एक अलंकार तिसऱ्यांदा चुकला म्हणून त्यांनी पेटीचं झाकण माझ्या बोटांवर आपटलं. उजव्या हाताची करंगळी मोडली. आईने हळद लावून ती कापडाने बांधली, आणि पाचव्या दिवशी त्यांनी मला उरलेल्या चार बोटांनी तोच अलंकार वाजवायला बसवलं. ती करंगळी अजून सरळ होत नाही.

वाईट हे, की मला त्याचा अभिमान होता. क्लासमध्ये मी ती गोष्ट विनोदासारखी सांगायचे. करंगळी दाखवायचे, वडिलांचा आवाज काढायचे, मुलं हसायची. "असं शिकलोय आम्ही," असा माझा शेवट असायचा. तोवर मी कोणावर हात उगारला नव्हता, आणि त्यामुळे आपण त्या सगळ्यातून सुटलो असं मला वाटत होतं.

ते सहाजण माझ्याकडे आले एका मारामारीतून. त्यांची बेंजो पार्टी होती. हळदीला, लग्नाला, गणपतीच्या मिरवणुकीला वाजवायची. रेवसच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातले सगळे. त्या वर्षी विसर्जनाला त्यांना आमच्या गावात वाजवायला बोलावलं होतं, आणि आमच्या घराजवळच्या तिठ्यावर त्यांची गाठ दुसऱ्या पार्टीशी पडली. कोणीही मागे हटेना. दोन्हीकडून एकमेकांच्या तोंडावर वाजवणं सुरू झालं, लय वाढत गेली. मी फाटकात उभी होते. ऐकता ऐकता मला कळलं की आता हे वाजवत नाहीत, मारतायत. फक्त अजून ढोलावर मारतायत. पुढच्या मिनिटाला ताशाची काठी कोणाच्या तरी डोक्यात बसली. मग ढोल उलटले, बायका मुलांना उचलून पळाल्या, बेंजो वाजवणाऱ्या मुलाच्या भुवईतून रक्त गळायला लागलं. मी त्याला आत घेतलं आणि ओल्या फडक्याने भुवई दाबून धरली. तो भिंतीवरच्या तानपुऱ्याकडे बघत होता.

टाके काढल्यावर तो परत आला. सोबत पार्टीतले चौघं आणि त्याची बहीण. बहीण कीबोर्ड वाजवायची.

"बाई, आम्हाला लिवायला शिकवा," तो म्हणाला.

"काय लिहायला?"

"वाजवतो ते. अलिबागला पार्ट्यांची स्पर्धा हाय. चाल सोताची पायजे, आनि ती कागदावर लिवून द्यायची. आम्हाला वाजवता येतं, लिवता येत न्हाय."

मी हो म्हटलं. आठवड्यातून दोन दिवस, दुपारी, तीन मोटरसायकलींवर सहाजण यायचे.

इतके तयार हात मी आधी पाहिले नव्हते. कुठलंही गाणं दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा वाजवायचे. पण आपण काय करतो याला नाव नव्हतं. ताशावाला सात मात्रांचा ठेका झोपेतही वाजवला असता, पण त्याला सात मोजायला सांगितलं की सहावर अडकायचा आणि स्वतःवरच चिडून मांडीवर बुक्क्या मारायचा. त्यांना मी गणिताच्या चौकटीच्या वह्या आणायला लावल्या. एका चौकटीत एक मात्रा. सुराच्या खाली आडवी रेघ म्हणजे कोमल. जिथून फिरून सुरुवात होते ती सम. बेंजोवाल्याच्या वहीत रेघा इतक्या जोरात ओढलेल्या असायच्या की कागद फाटायचा. बहिणीची वही मात्र बघत राहावी अशी होती. दुसऱ्या महिन्यात ती मी गुणगुणलेलं परस्पर लिहायला लागली.

चाल बांधायला शिकवताना माझा एक नियम आहे. पहिल्या चालीला पाचच सूर. सा, रे, ग, प, ध. सगळे शुद्ध. त्यापलीकडे जायचं नाही. हातात सामान कमी असलं की मुलं विचार करून वापरतात. हा नियम मी वडिलांकडून घेतला होता.

एकदा मी त्यांना करंगळीची गोष्ट सांगितली. पाचजण हसले. मुलगी हसली नाही.

"बाई, मग तुम्ही पेटी सोडली कशी नाय?" तिने विचारलं.

"सोडून काय करणार होते?"

"काहीपण," ती म्हणाली. मला ते लागलं. मी विषय बदलला, पण ते माझ्या मनात राहिलं, हे आता कळतं.

स्पर्धा चार दिवसांवर आली तेव्हा सगळ्यांच्या चाली वाजवून बघितल्या आणि मुलीची चाल घ्यायची हे भावासकट सर्वांनी ठरवलं. चार ओळींची होती. पहिल्या तीन ओळी पायरी पायरीने वर धैवतापर्यंत चढायच्या, आणि चौथी एकदम खाली यायची. त्या दिवशी चौथ्या ओळीच्या शेवटी ती कोमल ग वर थांबली.

"हा काय?" मी विचारलं.

"कोमल ग."

"आपल्या पाचांत आहे तो?"

"नाय."

"मग काढ."

तिने पुन्हा वाजवलं आणि पुन्हा तिथेच थांबली. मी पेटीवर शुद्ध ग दाबून दाखवला. तिने ऐकला, मान हलवली, वाजवलं, आणि बोट परत त्या काळ्या पट्टीवर. चौथ्या वेळी मी तिचं बोट धरून बाजूला केलं.

"बाई, मला तिथे तोच ऐकू येतो. शुद्ध लावला की खोटा वाटतो."

"ऐकू येणं नंतर. आधी नियम."

"नियम तुमचा हाय. चाल माझी हाय."

तिचा भाऊ हसला. फार नाही, नाकातल्या नाकात. आणि माझा हात निघाला. मला आठवतं ते इतकंच, की तो निघाला तेव्हा मला बरं वाटलं. घट्ट बांधलेलं काहीतरी सुटल्यासारखं. मारल्यानंतरचं नाही सांगत मी. मारतानाचं सांगते.

ती रडली नाही. हात कानावर ठेवून बसून राहिली. भाऊ उठला आणि पेटी ओलांडून माझ्याकडे आला. तिने त्याच्या शर्टाचं टोक धरलं. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "बाई, ह्या बाजूचा आवाज गेला."

तिने हात काढला तर तळव्यावर रक्ताचा एक थेंब होता.

मी तिला स्कूटीवर मागे बसवून अलिबागला नेलं. भाऊ आणि ताशावाला आपापल्या मोटरसायकलवर मागून येत होते. वाटेत ती मला धरून बसली नाही. मागचा दांडा धरून बसली. दवाखान्यात डॉक्टरांनी कानात नळी घालून बघितलं आणि विचारलं, "कसं झालं?"

"वॉटर स्पोर्टला बोटीवरून पडले," ती म्हणाली. "लाट बसली कानावर."

तिने इतकं सहज सांगितलं की ती असं आधीही कुठेतरी सांगून आली असणार हे मला तिथेच समजायला हवं होतं. समजलं नाही. मी म्हटलं, "मी मारलं. मी तिची शिक्षिका आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. "पडद्याला भोक पडलंय," ते म्हणाले. "दीड-दोन महिन्यांत भरून यायला हवं. पाणी जाऊ द्यायचं नाही. नंतर तपासू किती ऐकू येतंय ते. आणि बाई, तुम्ही मारलं असं मला लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हटलं.

भाऊ दारात उभा राहून ऐकत होता. भोक पडलंय हे ऐकल्यावर तो निघून गेला. बाहेर आल्यावर मी मुलीला घरी सोडते म्हटलं. तिने मानेनेच नाही म्हटलं आणि ताशावाल्याच्या मागे बसून गेली.

मी घरी पोचले तेव्हा वडिलांची पेटी वाडीत पडली होती. नारळ सोलायला आमच्याकडे जमिनीत लोखंडी पहार रोवलेली असते. मुलीच्या भावाने पेटी त्या पहारीच्या टोकावर उचलून उचलून आपटली होती. भाता फाटून बाहेर आला होता, पट्ट्या दातांसारख्या विखुरल्या होत्या, आतले पितळी सूर मातीत जाऊन बसले होते. माडावरचा माणूस म्हणाला, "वयनी, मी आरडलो, पन उतरेपर्यंत तो गेला."

आपल्या हातून झालेल्याची ही भरपाई, असं मला तेव्हा वाटलं असतं तर ते शोभलं असतं. तसं काही वाटलं नाही. मी ती पहार हलवून हलवून जमिनीतून उपटली आणि फाटकापाशी जाऊन उभी राहिले. तो त्या वेळी परत आला असता तर मी त्याच्या डोक्यात घातली असती. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अर्धा तास उभी होते. मग दिराची बायको आली, तिने माझ्या मुठीतून एकेक बोट सोडवलं आणि पहार काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची आई आली. मासे विकणारी बाई. पाटी तिने फाटकाबाहेर ठेवली, आत आली, माझा अंबाडा मुठीत धरला आणि मला ओढत अंगणात आणलं.

"माज्या पोरीला हात लावायचा तुला कोनी सांगितला?" तिने माझ्या एका कानावर मारली, मग दुसऱ्यावर. तिचे हात ओले आणि फार जड होते. "सांग! आता कुटला सूर ऐकू येतो, सांग!"

समोरच्या घरातले पर्यटक चहाचे कप घेऊन व्हरांड्यात आले होते. दीर धावत आला. मी त्याला हातानेच थांबवलं. तिने मला किती वेळा मारलं ते माहीत नाही. माझा ओठ फुटला, एक बांगडी फुटून मनगटात घुसली. मी हात वर केला नाही. त्यात मोठेपणा नव्हता. कालच्या पहारीची मला भीती बसली होती.

मग ती दमली आणि पायरीवर बसली. मी तिच्या शेजारी खालच्या पायरीवर बसले.

"तिचा बाप मारायचा," ती पुढे बघत म्हणाली. "तिला, मला, पोराला. वल्ह्यानं मारायचा. शालंत ती सांगायची, बोटीवरनं पडले. चार वर्सं सांगत होती. मंग मी त्याला घराभायेर काडला. समदा कोलीवाडा माज्या इरोदात गेला, तरी काडला. आनि तुज्याकडं पाटवली. म्हटला, बाईमानूस हाय, गानं शिकवते. तिथं कोन मारनार हाय."

ती उठली, पदराने हात पुसले, पाटी डोक्यावर घेतली. जाताना वळली नाही.

पोलिसांत तक्रार झाली. मी जाऊन जबाब दिला आणि काही लपवलं नाही. पुढे तिच्या आईने ती तक्रार रेटली नाही. माझ्या क्लासला तेव्हा बाकीची चौदा मुलं होती, महिन्याभरात दोन उरली. तोंडावर कोणी काही म्हटलं नाही. मुलांना परीक्षा होत्या, सर्दी झाली होती, गाडी मिळत नव्हती.

स्पर्धेला ती पार्टी गेली. मुलीने कानात कापूस घालून वाजवलं. मला हे ताशावाल्याकडून कळलं. तो एका दुपारी फाटकाबाहेर मोटरसायकलवर बसूनच राहिला, आत आला नाही. मोबाईल पुढे करून म्हणाला, "बाई, ऐका."

मी फाटकाच्या आत उभी राहून ऐकलं. तीन ओळी चढत गेल्या, चौथी कोसळली आणि कोमल ग वर उभी राहिली. ढोल तिथे थांबवले होते. तो एकच सूर लांबत गेला. मी आयुष्यभर शिकवलेलं सगळं त्या सुराच्या विरुद्ध होतं, आणि तो बरोबर होता. तीन वेळा शुद्ध ग वर पाय देऊन चढल्यावर त्या जागी दुसरं काही येऊच शकत नव्हतं. ते मला त्या दिवशी पडवीत ऐकू यायला हवं होतं. माझे दोन्ही कान शाबूत होते.

"नंबर आला?"

"न्हाय," तो म्हणाला. "परीक्षक बोलला, चाल सुरातून भायेर गेली. तिचा भाऊ त्याच्या अंगावर गेला व्हता. तिनं मागे ओढला."

अडीच महिन्यांनी मी तिला भेटायला गेले. ती तोवर बोर्ली पंचतनला मावशीकडे राहायला गेली होती. तिथल्या बाजारात मावशीचं सुक्या मासळीचं दुकान होतं. आईला आधी फोन करून विचारलं होतं. आई एवढंच म्हणाली होती, "ती भेटली तर भेट. हात मागं बांदून जा."

ती दुकानात बसली होती. मला बघून तिने उजवी बाजू माझ्याकडे केली. मी तिथे, सोडे आणि बोंबलांच्या ढिगांमधे उभी राहून माफी मागितली. जे पाठ करून गेले होते ते सगळं बोलले.

"पडदा भरला," ती म्हणाली. "ऐकू कमी येतं जरा. पण शिट्टी वाजते आत. बंदच होत नाय."

"सारखी?"

"सारखी. तुमच्याशी बोलतेय तरी वाजतेय." तिने मागच्या खोलीतून कीबोर्ड आणला, गल्ल्याच्या फळीवर ठेवला आणि अगदी वरच्या बाजूची एक पट्टी दाबली. "ही. हिच्यापेक्षा जरा चढी." बोट तिने उचललं नाही. गिऱ्हाईक आलं, मावशी सोडे मोजायला लागली, तो सूर चालूच होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी उभी राहिले. तिला बहुतेक तेच बघायचं होतं.

मग तिने पट्टी सोडली. "माफीचं मी काय करू? अर्धं शिकवलंत, ते पुरं शिकवा."

मी म्हटलं, कधीपासून येतेस.

"तुमच्या घरी नाय येणार. मोबाईलवर शिकवा. व्हिडिओवर." जरा थांबून म्हणाली, "तिथून हात पोचत नाय."

त्याला दीड वर्ष झालं. मंगळवारी आणि शुक्रवारी ती फोन लावते. मी तिला थाट शिकवले, सुरांच्या जोड्या शिकवल्या, एक सूर धरून ठेवून त्याभोवती दुसरी चाल कशी फिरवायची ते शिकवलं. पाच सुरांचा नियम मी अजून सांगते, पण तो सुरुवातीचा सराव आहे, कायदा नाही, हेही त्याच वाक्यात सांगते. ती वाद घालते. मागच्या पावसाळ्यात तिने माझ्या एका दुरुस्तीवर "बघू" म्हटलं आणि मला नकळत माझा उजवा हात खांद्यापर्यंत गेला. पडद्यावर तो तिला दिसला. ती मागे सरकली. बोर्लीत बसून, पुढे फक्त मोबाईल असताना, ती मागे सरकली.

"बाई," ती म्हणाली, "हात खाली."

मी हात खाली घेतला. तिने फोन बंद केला. पुढच्या मंगळवारी लावला नाही, शुक्रवारी लावला. त्या दिवसापासून शिकवताना मी हातांवर बसते. अक्षरशः. दोन्ही तळवे मांडीखाली. गाऊन दाखवता येतं, वाजवून दाखवायचं असेल तर आधी सांगते, "आता हात काढते."

क्लासला नवीन कोणी आलं की पालकांना पहिल्याच दिवशी सांगून टाकते, मी एका मुलीचा कान फोडला होता. काहीजण उठून जातात. ते बरोबर करतात.

गेल्या महिन्यात एकजण आला, आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन. मुंबईत नोकरी करतो, शनिवार-रविवार गावी येतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला.

"अहो बाई, हल्ली असे शिक्षक राहिलेत कुठे? चुकली तर द्या दोन. आमची हरकत नाही. आम्ही काय कमी खाल्लाय मार?"

मुलगी त्याच्या पायाशी उभी होती, फ्रॉकचा पट्टा बोटाला गुंडाळत. मी त्याला बाहेर थांबायला सांगितलं. तो अजून हसतच होता, पण गेला, आणि दारातून आत बघत उभा राहिला. मी मुलीला जवळ बोलावलं नाही. होती तिथेच बसायला सांगितलं आणि विचारलं, "तुला काय वाजवायचंय?"

ती माझ्याकडे बघेना. दाराकडे, त्याच्या हातांकडे बघत राहिली.